कोंबडा पुन्हा पुन्हा आजारी पडतो तेव्हा: कारण कसे शोधावे आणि काय करावे

परसात दहा-पंधरा कोंबड्यांबरोबर एखादा कोंबडा पाळणाऱ्यांना एक अनुभव हमखास येतो. कोंबडा एके दिवशी पिसे फुलवून कोपऱ्यात बसतो आणि दाण्याला चोच लावत नाही. त्याला कोणते तरी औषध दिले जाते, चार-पाच दिवसांत तो सावरतो, पुन्हा आरवू लागतो आणि तीन-चार आठवड्यांनी तसाच मलूल होऊन कोपऱ्यात बसलेला आढळतो. दुसऱ्या खेपेला तेच औषध दिले जाते, तिसऱ्या खेपेला मात्रा वाढवली जाते आणि चौथ्या खेपेला कोंबडाच अशक्त निघाला असे म्हणून प्रश्न सोडून दिला जातो. वारंवार येणारे असे आजारपण दर वेळी नवा आजार असतो असे नाही. बहुतेक वेळा पहिल्याच आजाराचे कारण खुराड्यात, इतर कोंबड्यांत किंवा खुद्द त्या कोंबड्याच्या शरीरात तसेच राहिलेले असते, आणि या तिन्हींपैकी ते नेमके कुठे आहे हे ठरवल्याखेरीज औषधे बदलत राहण्यात काही अर्थ नाही.

आजार उशिरा का लक्षात येतो

कोंबडी ही निसर्गात इतर प्राण्यांचे भक्ष्य असल्याने दुबळेपणा लपवणे तिच्या रक्तातच आहे. कळपातील इतर पक्षीही दुबळ्याला टोचून मागे ढकलतात, त्यामुळे ती अगदी शेवटपर्यंत धडधाकट असल्यासारखी वावरते. कोंबड्याच्या बाबतीत यात आणखी भर पडते. दाणा सापडला की तो स्वतः खाण्याऐवजी चोचीने उचलून पुन्हा खाली टाकतो आणि कुटकुट आवाज करून कोंबड्यांना बोलावतो. म्हणून तो खाद्याच्या भांड्यावर वाकलेला दिसला तरी त्याच्या पोटात काही जात आहे असे धरून चालता येत नाही. शिवाय कोंबडी आजारी पडली की अंडी थांबतात आणि मालक सावध होतो. कोंबड्याकडून अशी सूचना मिळतच नाही.

त्याच्याकडून मिळते ती सूचना बांगेची. रोज पहाटे कानावर पडणारी बांग अर्ध्यावर तुटू लागली, घोगरी झाली किंवा एकदम बंद झाली, तर त्याच दिवशी कोंबड्याला हातात घेऊन पाहावे. सकाळी खुराड्याचे दार उघडल्यावर जो सर्वांत आधी बाहेर पडत असे तो मागे रेंगाळतो, शेपटी खाली पडते, माद्यांच्या मागे जाणे थांबते, संध्याकाळी दांडीवर न चढता तो जमिनीवरच बसून राहतो. एरवी ज्याला पकडताना दोघांची धावपळ होते असा कोंबडा हात पुढे करताच निमूटपणे हाती आला, तर तो माणसाळला असे समजून आनंद मानू नये. ते आजाराचे लक्षण आहे.

रात्रीची तपासणी

तपासणी अंधार पडल्यावर, कोंबडा दांडीवर बसलेला असताना करणे सर्वांत सोपे जाते. दोन्ही पंख तळव्यांखाली येतील असे त्याला धरावे, परंतु छाती आवळू नये. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते. छातीचे हाड पुढे-मागे हलूनच त्यांचा श्वास चालतो आणि ते हाड दाबून धरल्यास कोंबडा हातातच गुदमरू शकतो. प्रथम त्याच छातीच्या हाडावरून बोट फिरवावे. निरोगी कोंबड्याच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना भरीव मांस लागते. हाड सुरीच्या पात्यासारखे वर आलेले लागले, तर पिसांच्या आत तो काही आठवड्यांपासून वाळत चालला आहे असे समजावे. नुसत्या डोळ्यांना हे दिसत नाही, म्हणून महिन्यातून एकदा, तो ठणठणीत असतानाही, त्याचे वजन करून तारखेसह वहीत लिहून ठेवण्याची सवय मी लावून घेतली आहे.

त्यानंतर मानेच्या तळाशी असलेली अन्नाची पिशवी चाचपावी. ती रात्री भरलेली आणि पहाटे रिकामी असणे योग्य. पहाटे काही खाण्यापूर्वी तिथे घट्ट गोळा लागला तर अन्न अडकले आहे, आणि पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी लिबलिबीत लागून चोचीला आंबूस वास येत असेल तर ती आंबली आहे. अशा वेळी कोंबड्याला उलटे धरून ओकायला लावण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो, पण तो मानू नये, कारण वर आलेला द्रव श्वासनलिकेत उतरून कोंबडा जागीच दगावू शकतो.

मग शेपटीखालची पिसे बाजूला करून गुदद्वाराभोवतीची कातडी उजेडात पाहावी. तिथे पिसांच्या मुळांशी राखाडी-काळसर मळ साचल्यासारखे दिसले, तर तो मळ नसून पिसांतच राहणारे माइट, म्हणजे अंगावर जगणारे अगदी बारीक जीव, आणि त्यांची घाण असते. माद्यांपेक्षा कोंबड्यांवर त्यांची संख्या पुष्कळदा जास्त आढळते. पायांचे खवले उचकटून खडबडीत झाले असतील तर त्यांखाली शिरणारा वेगळा माइट असतो. तळव्यावर मधोमध काळी खपली आणि तिच्याभोवती गरम सूज असेल तर ती जखम चिघळली आहे. जड कोंबडा उंच दांडीवरून कठीण जमिनीवर रोज उडी मारतो तेव्हा हे विशेषेकरून घडते. शेवटी त्याच्या पाठीला कान लावून ऐकावे. शांत बसलेला कोंबडा मिनिटाला साधारण 12 ते 20 वेळा श्वास घेतो आणि त्याचा आवाज येत नाही. घरघर किंवा बुडबुड ऐकू आल्यास ते नोंदवून ठेवावे.

जागा बदलून पाहणे

या विषयाकडे मी गांभीर्याने पाहू लागलो तो माझ्याच एका चुकीमुळे. माझा एक तांबूस कोंबडा दोन-अडीच महिन्यांत तीनदा आजारी पडला. दर वेळी तुरा फिका पडे, तो दिवसभर पेंगे आणि खाणे कमी होई. दर वेळी त्याला घराच्या मागच्या खोलीत पेटीत ठेवून मी पाच दिवस प्रतिजैविक पाजले, दर वेळी तो सुधारला आणि दर वेळी मी त्याचे श्रेय औषधाला दिले. तिसऱ्या खेपेला, तो पेटीत असताना, रात्री विजेरी घेऊन रिकाम्या झालेल्या त्याच्या जागेकडे पाहिले. दांडीचे टोक भिंतीला जिथे टेकत होते तिथल्या फटीत मीठ-मिऱ्याची पूड सांडल्यासारखे काही दिसले. बोटाने दाबल्यावर बोटावर रक्ताची लालभडक रेघ उमटली. ते लाल माइट होते. दिवसा फटीत दडून राहून रात्री पक्ष्यांवर चढणारे, रक्त पिऊन पहाटेपूर्वी परतणारे हे जीव दिवसाच्या तपासणीत कोंबड्याच्या अंगावर सापडतच नाहीत. माझा कोंबडा प्रतिजैविकाने बरा झालाच नव्हता. पाच रात्री त्या दांडीपासून दूर राहिल्याने त्याचे रक्त भरून निघत होते, आणि परत पाठवल्यावर पुन्हा शोषले जात होते.

यातून मला जी कसोटी सापडली ती मी तेव्हापासून वापरत आलो आहे. आजारी कोंबड्याला वेगळ्या, स्वच्छ जागी ठेवावे आणि पहिले दोन दिवस, तातडीची लक्षणे नसतील तर, उबेपलीकडे आणि पाण्यापलीकडे काही देऊ नये. तो तिथे आपोआप सुधारला आणि परत गेल्यावर पुन्हा खालावला, तर कारण खुराड्यात आहे: माइट, ओलसर गादी (जमिनीवर पसरलेला भुसा किंवा पेंढा), कोंदट हवा, बुरशी लागलेले खाद्य, गढूळ पाणी किंवा दुसऱ्या नराची दादागिरी. वेगळे ठेवूनही तो सुधारला नाही, तर कारण त्याच्या शरीरात आहे: जंत, अन्नाच्या पिशवीचा विकार, चिघळलेली जखम, गाठ, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा बिघाड. आणि तो बरा होऊन परत गेल्यावर इतर पक्षी शिंकू-खोकू लागले, किंवा नवीन पक्षी आणल्यानंतरच हे चक्र सुरू झाले असेल, तर वरून निरोगी दिसणारा एखादा पक्षी रोग बाळगून आहे. ही कसोटी पशुवैद्याच्या निदानाची जागा घेत नाही, पण त्याच्यासमोर काय मांडायचे ते मात्र तिच्यामुळे स्पष्ट होते.

वेगळे ठेवताना

पेटी किंवा पिंजरा वाऱ्याच्या झोतापासून दूर, शांत आणि मंद उजेडाचा असावा, आणि आत कागद अंथरावा म्हणजे विष्ठा नीट दिसते. कोंबड्याच्या शरीराचे तापमान निरोगी असतानाही साधारण 41 अंश सेल्सिअस असते. तेवढी ऊब राखण्यासाठी लागणारे अन्न तो आजारपणात खात नाही, म्हणून आसपासची हवा 27 ते 30 अंशांच्या दरम्यान ठेवल्यास त्याची शक्ती वाचते. एकाच बाजूला ऊब द्यावी, म्हणजे नको वाटल्यास त्याला दुसरीकडे सरकता येईल. उन्हामुळे किंवा कोंदट हवेमुळे धापा टाकणाऱ्या कोंबड्याला मात्र ऊब देणे घातक ठरेल. त्याला सावली, वारा आणि गार पाणी हवे, कारण घाम येत नसल्याने श्वासावाटेच तो अंग थंड करतो.

पाणी ही सर्वांत निकडीची गोष्ट आहे, परंतु चोच उघडून चमच्याने पाणी ओतण्याची चूक फार जण करतात आणि त्यातून आजार नव्हे तर उपचारच जीव घेतो. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. चोच पाण्यात बुडवून त्याला स्वतः पिऊ द्यावे, किंवा चोचीच्या कडेवर एक-एक थेंब सोडून तो गिळेपर्यंत थांबावे. जुलाब होत असतील तर एक-दोन दिवस क्षारयुक्त पाणी, म्हणजे इलेक्ट्रोलाइट मिसळलेले पाणी, द्यावे. निरोगी पक्ष्यांची कामे आधी आणि आजारी कोंबड्याचे काम शेवटी करावे, त्याच्यासाठी भांडी आणि पादत्राणे वेगळी ठेवावीत, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय मुलांना किंवा अन्नाला स्पर्श करू नये.

लक्षणांचा अर्थ लावताना

विष्ठेबाबत अकारण घाबरणारे बरेच असतात. तपकिरी विष्ठेवर पांढरी टोपी असणे हे निरोगीपणाचे लक्षण आहे, कारण ती टोपी म्हणजे पक्ष्यांचे मूत्र होय. अधूनमधून पडणारी काळपट, चिकट, दुर्गंधीयुक्त विष्ठाही स्वाभाविकच असते. अतिशय कमी आणि गडद हिरवी विष्ठा याचा अर्थ पोटात अन्नच गेलेले नाही आणि नुसते पित्त बाहेर पडत आहे. रक्त दिसल्यास, विशेषतः तीन आठवड्यांपासून तीन-चार महिन्यांपर्यंतच्या वयात, रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस, प्रथम मनात आणावी. तिच्यावरचे अँप्रोलियम हे औषध बी-1 जीवनसत्त्वासारख्या रचनेमुळे काम करते, म्हणून ते चालू असताना त्याच पाण्यात बी जीवनसत्त्वाचे टॉनिक घातल्यास औषधाचा परिणाम कमी होतो. हा आजार उलटण्याचे हेच एक कारण नाही. रोगाचे बीज ओल्या, उबदार गादीत एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होते, म्हणून औषधाबरोबर गादी कोरडी केली नाही तर तो परत येणारच.

तुरा फिका पडणे म्हणजे रक्त कमी होणे, आणि त्यामागे बहुधा माइट किंवा जंत असतात. तुरा निळसर-जांभळा होणे म्हणजे रक्ताला प्राणवायू पुरत नाही, आणि ते कधीही हलके घेऊ नये. तुऱ्यावर चामखिळीसारख्या गाठी येऊन काळ्या खपल्या धरल्या असतील तर ती कोंबड्यांची देवी होय. ती डासांमुळे पसरते आणि विषाणूमुळे होत असल्याने प्रतिजैविकाने जात नाही, फक्त तोंडात पिवळसर पापुद्रे येऊन श्वास अडत असेल तर तातडी करावी लागते. चोचीखालचे लोंबते गलोलच तेवढे सुजून गरम लागत असतील तर पाश्चुरेला जिवाणूमुळे होणाऱ्या कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा रेंगाळलेला प्रकार असू शकतो, आणि नरांमध्ये गलोल मोठे असल्याने तो त्यांच्यात सहज नजरेस येतो.

श्वसनाचे आजार हे वारंवार परत येणाऱ्या दुखण्यांचे सर्वांत मोठे कारण आहे. एका बाजूचा चेहरा सुजणे, डोळ्यात फेस आणि नाकातून घाण वासाचा स्राव ही कोरायझाची खूण. दीर्घकाळ घरघर, शिंका आणि हळूहळू घटणारे वजन ही मायकोप्लाझ्माची. या दोन्हींत प्रतिजैविकाने लक्षणे दबतात, पण बरा झालेला पक्षी रोगजंतू बाळगून राहतो, मायकोप्लाझ्माच्या बाबतीत बहुधा जन्मभर, आणि थंडी, पिसे गळण्याचा काळ किंवा प्रवास असा कोणताही ताण आला की आजार उसळतो. इथे पाळणाऱ्याला एक अप्रिय निर्णय घ्यावा लागतो: एक तर कळप बंदिस्त ठेवायचा, म्हणजे बाहेरून पक्षी आणायचे नाहीत आणि इथले कुणाला द्यायचे नाहीत, नाही तर रोगवाहक पक्षी काढून टाकायचे. वर्षानुवर्षे दर महिन्याला औषध पाजत राहणे हा तिसरा मार्ग मला योग्य वाटत नाही. त्याने जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात आणि अंड्या-मांसात औषधाचे अंश राहतात.

पाय आणि मान यांची लक्षणे सर्वांत फसवी असतात. तरुण कोंबडा एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडला असेल तर मरेक रोगाची शंका घ्यावी. त्यावर उपचार नाही, लस पहिल्या दिवशीच द्यावी लागते. मान पिळवटणे हे मानमोडीचे, म्हणजे राणीखेतचे, प्रसिद्ध लक्षण आहे, पण डोक्याला मार लागल्याने किंवा बी-1 जीवनसत्त्वाच्या अभावानेही मान वळते. मान पिळवटण्याऐवजी दोरीसारखी लुळी पडली असेल, तर जवळपास कुजलेले कलेवर आणि त्यातल्या अळ्या त्याने खाल्ल्या आहेत का हे शोधावे, कारण बॉट्युलिझमचे विष असेच पोटात जाते.

घरचे उपाय कुठे थांबवावेत

एकाच दिवशी दोन-तीन पक्षी अचानक मेले, डोके व तुरा सुजून जांभळे झाले, पायांवर लाल-जांभळे डाग दिसले, हिरव्या जुलाबांबरोबर मान पिळवटली आणि मर वाढू लागली, तर घरगुती उपचारांत एक तासही घालवू नये. ही बर्ड फ्लू किंवा मानमोडीची चिन्हे असू शकतात आणि पशुसंवर्धन विभागाला कळवणे आवश्यक ठरते. मेलेला पक्षी स्वतः कापून पाहू नये, पक्ष्यांची ने-आण थांबवावी आणि एकही पक्षी विकू किंवा वाटू नये. अशी शंका नसताना एकटा कोंबडा दगावला, तर शव गोठवू नये. दुहेरी पिशवीत घालून, माणसांच्या अन्नापासून वेगळे, थंड ठेवून शक्य तितक्या लवकर तपासणीसाठी न्यावे, कारण गोठवल्याने शरीरातील ऊती फाटून निदान अवघड होते. एका शवविच्छेदनातून जे कळते ते तीन महिन्यांच्या अंदाजांतून कळत नाही.

खुराड्यातले कारण दूर करताना

माइट सापडल्यास केवळ कोंबड्यावर पावडर मारून भागत नाही. उन्हाळ्यात त्यांचे जीवनचक्र साधारण आठवड्यात पूर्ण होते, म्हणून दांड्या काढून, फटी खरवडून, गरम पाण्याने धुऊन, पशुवैद्याने सुचवलेले माइटनाशक लावल्यानंतर सात दिवसांनी तीच सर्व कृती पुन्हा करावी लागते. खुराडे नुसते रिकामे ठेवून ते मरतील ही आशाही व्यर्थ आहे, कारण रक्ताशिवाय ते महिनोन्‌महिने तग धरतात. मी दांड्यांची टोके भिंतीपासून सोडवून आधारांवर टेकवली आणि दर पंधरा दिवसांनी रात्री दांडीवरून पांढरा कागद फिरवून पाहतो.

जंतांचेही असेच आहे. जंतनाशक दिल्यावर बाहेर पडलेली अंडी ओल्या जमिनीत महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि तोच कोंबडा ती पुन्हा टिपतो. आंधळेपणाने दर महिन्याला औषध देण्यापेक्षा विष्ठेचा नमुना तपासून घ्यावा, चरण्याची जागा आलटून पालटून वापरावी आणि पाण्याच्या भांड्याभोवतीचा चिखल हटवावा.

खाद्याकडे मात्र बहुतेकांचे लक्ष जात नाही. अंडी देणाऱ्या माद्यांच्या खाद्यात कवचासाठी साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते. कोंबड्याला साधारण एक टक्का पुरते आणि वाढीच्या वयात जादा कॅल्शियमने मूत्रपिंडांना अपाय होतो. सर्वांना कमी कॅल्शियमचे खाद्य देऊन शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. ज्या मादीला गरज असते ती तो खाते आणि कोंबडा सहसा त्याकडे फिरकत नाही.

कळपात परत सोडताना

तुऱ्याला रंग आला, बांग पूर्ण झाली आणि वजन आजारापूर्वीच्या नोंदीजवळ पोहोचले की मगच परतीचा विचार करावा. आठ-दहा दिवसांच्या गैरहजेरीत दुसऱ्या नराने जागा घेतलेली असते आणि नुकत्याच बऱ्या झालेल्या कोंबड्याला झुंज परवडत नाही, म्हणून तीन-चार दिवस जाळीआडून दोघांना एकमेकांसमोर ठेवावे आणि नंतर संध्याकाळी, सर्व दांडीवर बसलेले असताना, त्याला त्यांच्यात ठेवावे. झुंजीत रक्त निघाले तर त्याच क्षणी वेगळे करावे, कारण रक्त दिसल्यावर माद्याही टोचू लागतात, आणि उघड्या जखमेत माश्यांनी अंडी घातल्यास एका दिवसात अळ्या होतात. परतीनंतर सातव्या आणि एकविसाव्या रात्री वजन पुन्हा वहीत लिहावे. एकविसाव्या रात्रीचा आकडा सातव्या रात्रीपेक्षा कमी आला, तर औषधाच्या बाटलीकडे हात जाण्यापूर्वी विजेरी घेऊन दांडीच्या टोकापासून शोध पुन्हा सुरू करावा.